प्रश्न कष्टांचा नाही, प्रेक्षकांचा आहे

अमेरिकी हायस्कुलात पोहणाऱ्या मुलांना भाव मिळत नाही, कारण तो 'सोपा' आणि 'श्रीमंतांचा' खेळ आहे, असं काही जण म्हणतात. हे अजिबात पटलं नाही. भाव ठरतो तो बघायला कोण येतं त्यावर. शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलला अख्खं गाव लोटतं. बँड, चिअरलीडर्स, सगळा थाट. पोहण्याच्या स्पर्धेला क्लोरीनचा वास भरलेल्या दमट हॉलमध्ये बाकांवर बहुतेक आईवडीलच. कित्येक शाळांना स्वतःचा तलावच नाही. पहाटे दुसरीकडे सराव करून ओल्या केसांनी पहिला तास गाठणाऱ्या मुलांचे कष्ट वर्गाला दिसणार कसे? शाळेच्या संघातल्या खेळाडूंना मान म्हणून मिळणारं जॅकेटवरचं शाळेचं अक्षर मात्र त्यांनाही मिळतं, आणि ते घालताना त्यांची मान ताठच असते.

अमेरिकी जलतरणपटू मिसी फ्रँकलिनचं उदाहरण घ्या. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं मिळवल्यावरही शाळेकडून पोहता यावं म्हणून जाहिरातींचे पैसे नाकारून ती कोलोरॅडोतल्या आपल्या शाळेच्या संघातून पोहली. शाळेच्या संघात काहीच प्रतिष्ठा नसती, तर तिने एवढ्या पैशांवर पाणी सोडलं असतं का?

'श्रीमंतांचा खेळ' हा आक्षेप मात्र रास्त आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना कित्येक दशकं अनेक सार्वजनिक तलावांत प्रवेशच नव्हता, त्याचे परिणाम आजही संघांमध्ये दिसतात.