'पुश'मधली पाकिटांची आयडिया

'पुश' (२००९) हा अचाट शक्ती असलेल्या माणसांवरचा इंग्रजी सिनेमा गोंधळाचा, म्हणून टाकाऊ, असं कोणी म्हणेल. गोंधळाचा वाटतो हे मान्यच, सुरुवातीलाच मूव्हर, वॉचर, पुशर, स्निफ, शॅडो अशी वेगवेगळ्या शक्तीवाल्यांची एवढी नावं अंगावर येतात की कोण काय करतं ते लक्षात ठेवण्यातच निम्मा वेळ जातो. पण म्हणून तो टाकाऊ नाही हो! पाकिटांच्या आयडियासाठी तरी परत बघाच (पुढे स्पॉयलर आहे). वॉचरना भविष्य दिसतं ते माणूस जे ठरवतो त्यावरून, मग त्यांना चकवायचं कसं? तर हिरो निक आपल्या साथीदारांपैकी प्रत्येकाने काय करायचं ते लिहून बंद पाकिटं वाटतो आणि मग स्वतःची आठवणच पुसून घेतो, म्हणजे प्लॅन ज्याने केला त्यालाच तो माहीत नाही. मला तर हे सगळ्या मारामारीपेक्षा भारी वाटलं, पॉवर असलेल्यांना डोक्याने हरवणं.

आणि सिनेमात दाखवलंय तसं सरकार असल्या शक्तीवाल्या लोकांच्या मागे कशाला लागेल असं वाटत असेल तर, अमेरिकेत १९७० च्या दशकात सीआयएच्या पैशावर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रिमोट व्ह्यूइंगचे, म्हणजे बसल्या जागी लांबचं 'बघण्याचे', प्रयोग खरंच झालेत. पुढे लष्कराने फोर्ट मीडला असं युनिटही चालवलं, स्टारगेट नाव त्याचं. १९९५ मध्ये हेरगिरीला काही उपयोग नाही म्हणून बंद केलं.

शूटिंग खऱ्या हाँगकाँगमध्ये आहे, त्या दाटीवाटीच्या गल्ल्यांमुळे लपाछपी खरी वाटते. डकोटा फॅनिंगचं काम तर मस्तच. शेवट मात्र अर्धवट सोडलाय, सिक्वेल यायलाच हवा होता.