गोव्याच्या समान नागरी कायद्याचा डांगोरा पिटणाऱ्यांना

वाळपईचा भाचा:
काल इथे एकाने लिहिलं, गोव्यात समलिंगी लोकांना कसला त्रास? इथला नागरी कायदा सगळ्यांना सारखा, नेते मोकळ्या मनाचे. वाचून डोकं फिरलं.

जानेवारी 2015 मध्ये युवा धोरण जाहीर करताना गोव्याचे भाजपचे मंत्री रमेश तवडकर बोलले की अशा तरुणांना नॉर्मल करायला दारू सोडवण्याच्या केंद्रांसारखी केंद्रं काढू. छी-थू झाल्यावर मुख्यमंत्री पार्सेकरांनी हात झटकले. 2022 ला तवडकर विधानसभेचे सभापती झाले. गोव्याचे समलिंगी फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सना 2014 ला पद्मश्री दिली, 2020 ला ते वारले तेव्हा श्रद्धांजल्या वाहिल्या. पण जोडीदाराशी नातं नोंदवायला त्यांना 2002 ला फ्रेंच कायद्याचा आधार घ्यावा लागला. गोव्याचा कायदा तेव्हा कामाचा नव्हता, आजही नाही.

माझ्या मामाचा 'मित्र' आमच्या घरात वर्षानुवर्षं राहिला. गणेश चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळांची चौकट, तोच बांधायचा, रानातून कांगल्या-माट्टुळ्या तोच आणायचा. मामा गेला, आजी हयात. म्हणजे अर्धा वाटा गोव्याच्या कायद्याने आजीचा, मामाचं मृत्युपत्र चाललं ते उरलेल्या अर्ध्यावर. बायको असती तर लग्नाची नोंद झाली त्या दिवसापासून निम्म्याची मालकीण. मित्राला मावसभावांनी बाराव्यानंतर टिकू दिलं नाही.

म्हापसेकर:
भाचेबाब, तवडकरांनी विपर्यास झाला असा खुलासा केला होता, तेही लिहा की. आणि काँग्रेसचं काय? दिल्ली हायकोर्टात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 टिकवा म्हणणारं गृहखातं मनमोहन सिंगांच्या सरकारचंच होतं. 2018 ला कलम गेलं तेव्हा केंद्रात भाजप.

सांग्याची माई:
कलम कोर्टाने काढलं, भाजपने नव्हे! केंद्राने निर्णय कोर्टावर सोडला होता. 2013 ला राजनाथ सिंह 377 च्या बाजूने बोलले होते. 2015 ला काँग्रेसच्या शशी थरूरांचं 377 बदलण्याचं विधेयक लोकसभेत मांडूही दिलं नाही, 24 विरुद्ध 71. आणि 2023 ला केंद्राने कोर्टात सांगितलं की समलिंगी लग्न ही शहरी उच्चभ्रूंची मागणी. वाळपईत माटोळी बांधणारा उच्चभ्रू?

फोंड्याचा जुना वकील:
मुद्दा मृत्युपत्राचा नाहीच. घर एकट्या मामाचं होतं का? एक-चौदाचा (जमिनीच्या मालकीचा) उतारा काढून बघा, पणजोबांच्या भावांची नावं अजून असतील. वारसांचं एकमत नसेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणी, केल्याशिवाय गोव्यात कुणालाच काही मिळत नाही. माझ्या स्वतःच्या बहिणीची केस आहे, वाटणी होईना म्हणून घराचं छप्पर कोसळलं.

म्हापसेकर:
अगदी बरोबर! आमच्या वाड्यावर एका सहहिश्शेदाराने आपला वाटा परस्पर दिल्लीवाल्याला विकला. आता विहिरीला कुलूप आहे. यावर एकही आमदार बोलत नाही.

फोंड्याचा जुना वकील:
सहहिश्शेदाराने बाहेरच्याला विकलं तर इतरांना आधी घेण्याचा हक्क असतो. मुदतीत दावा केला नाहीत, दोष तुमचा.

म्हापसेकर:
आम्हाला कळवलं कुणी? तुम्ही वकील लोक फी घेऊन तारखा पाडता, वर आम्हालाच शिकवता!

सांग्याची माई:
विहीर नंतर भांडा. माणसाला घराबाहेर काढलं त्यावर बोला. माझा मुलगा तसा आहे. मी हे कुठे लिहीन असं वाटलं नव्हतं. पुण्याला नोकरी करतो, सुट्टीतही गावी यायला नको म्हणतो. शेजारणी लग्नाचं विचारतात आणि मी खोटं बोलते.

फोंड्याचा जुना वकील:
माई, तुमचं समजलं. मुलाच्या नावे जे करायचं ते हयातीतच नोटरीसमोर करून घ्या. त्याच्या जोडीदाराला मात्र बायकोसारखा निम्मा हक्क आजच्या कायद्यात मिळणार नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या समलिंगी लग्नाच्या निकालाने ते संसदेवर सोडलं.

म्हापसेकर:
बरं, त्या मित्रावर अन्याय झाला, मान्य. पण तुमच्या मावसभावांनी केला, पक्षाने नाही.

वाळपईचा भाचा:
मावसभावांना तो हक्क कुठल्या कायद्याने दिला, म्हापसेकर? ज्याचं नाव घेऊन तुमचे पुढारी देशभर भाषणं ठोकतात, त्याच. 2027 ला ते मतं मागायला आमच्या दारात येतील. मी त्यांना विचारणार आहे, लग्नाची ही नोंद दोन पुरुषांना कधी खुली करता ते तारखेसकट सांगा. तुम्ही विचारणार का?