वरचा ६ गिगाहर्ट्झ पट्टा युरोपने मोबाइल कंपन्यांना आंदण का द्यावा?

म्युनिचचा मुक्काम

युरोपात सध्या रेडिओ लहरींच्या ६४२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यावरून जुंपली आहे. मोबाइल कंपन्यांना तो ६जीसाठी हवा आहे, वाय-फायवाल्यांनाही हवा आहे. त्याच्या खालचा ५९४५ ते ६४२५ हा भाग युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये विनापरवाना वाय-फायला खुला केला. अमेरिका त्याच्या आदल्याच वर्षी ५९२५ ते ७१२५ असा अख्खा १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा वाय-फायला देऊन मोकळी झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या जागतिक रेडिओ परिषदेत युरोप-आफ्रिका विभागात वरच्या पट्ट्यावर मोबाइलचं नाव लागलं, पण वाय-फायलाही दार लावून घेतलं नाही. आता आयोगाला सल्ला देणाऱ्या आरएसपीजी या गटाचा कल ६५८५ च्या वरचे ५४० मेगाहर्ट्झ मोबाइलला द्यावेत असा आहे. खालच्या १६० चं काय, ते २०२७ च्या शांघाय परिषदेनंतर बघू म्हणतात.

मला हे पटत नाही. बराचसा डेटा लोक घरात किंवा ऑफिसात बसून वापरतात. मग भिंतीच्या आत वाय-फाय आणि बाहेर मोबाइल, अशी एकाच पट्ट्यात वाटणी का नको? घरातल्या ६ गिगाहर्ट्झ राउटरला युरोपात २०० मिलिवॅटची मर्यादा आहे. इथल्या नव्या इमारतींच्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो लहरीही अडवतो. म्हणजे निम्मं काम इमारतींच्या ऊर्जा-नियमांनी आधीच करून ठेवलंय. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दोघांना सामावून घेणारा प्रस्ताव मांडला. २७ देशांच्या संघाला तेवढी हिंमत होऊ नये?

टॉवरवरचा

हिंमतीचा प्रश्न नाही हो. मी रेडिओ प्लॅनिंगमध्ये आहे, तेव्हा माझा पक्ष आधीच उघड करतो.

सहवापराचं गाजर युरोपने एकदा खाऊन झालंय. २०१३ मध्ये याच आरएसपीजीने परवानाधारक सहवापराची कल्पना उचलून धरली होती. २.३ गिगाहर्ट्झ पट्टा, मूळ वापरकर्ते लष्कर किंवा टीव्हीचे वायरलेस कॅमेरे; ते वापरत नसतील तिथे आणि तेव्हा मोबाइलने घुसायचं. रोममध्ये चाचणीही झाली. कागदावर सगळं चोख होतं, पण त्यातून मोठं व्यापारी जाळं काही उभं राहिलं नाही. मूळ मालक केव्हाही 'उठा' म्हणेल अशा जागेवर कोण पैसे घालणार?

आता काचांचं बोलू. बर्लिनमधल्या शंभर वर्षं जुन्या इमारतींमध्ये तसल्या काचा सगळीकडे कुठे आहेत? आणि घरोघरी एसी नाही, त्यामुळे उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या. वाय-फायचा स्वभाव असा की तो आधी कानोसा घेतो, मगच बोलतो. टॉवरवरचं बेस स्टेशन कोणाचा कानोसा घेत नाही. टॉवरचा झोत खिडकीतून आत आला की राउटर गप्प. उलट्या बाजूने, उंचावरचा अँटेना दूरच्या फोनचा क्षीण आवाज ऐकायचा प्रयत्न करतोय आणि खाली हजारो राउटर कुजबुजताहेत. एकेकटा राउटर किरकोळ, बेरीज किरकोळ नाही.

हा पट्टा आम्हाला हवाय तो हावरटपणा म्हणून नाही. आजच्या ५जीच्या ३.५ वरून ७ गिगाहर्ट्झवर गेलं की लहर क्षीण होऊन सुमारे ६ डेसिबलचा तोटा होतो. पण लहरीची लांबी निम्मी झाल्यामुळे तेवढ्याच आकाराच्या अँटेना-फलकात चौपट छोटे अँटेना बसतात आणि बराचसा तोटा भरून निघतो. भिंती भेदताना पदरी थोडं कमी पडतं, पण टॉवर आहेत तेच चालतात. २६ गिगाहर्ट्झला दर कोपऱ्यावर नवा खांब लागतो, म्हणून तो पट्टा युरोपभर मोकळाच पडलाय.

राउटरबहाद्दर

धागाकर्त्याशी सहमत. युरोपच्या वाट्याला आलेल्या ४८० मेगाहर्ट्झमध्ये वाय-फाय ७ या नव्या पिढीची ३२० मेगाहर्ट्झची वाहिनी (चॅनल) एकच बसते. अमेरिकेत तीन. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं असतील तर एका वाहिनीत चौघं कोंबायचे? नवा राउटर घ्यायचा आणि जुन्यासारखा चालवायचा!

टॉवरवरचा

@राउटरबहाद्दर, घरात येणारं फायबर १ गिगाबिटचं. त्याला ३२० ची वाहिनी लागतेच कशाला? १६० मध्ये भागतं. खोक्यावरचा आकडा वेगळा आणि गरज वेगळी.

आकडेमोड

दोघंही भौतिकशास्त्र घेऊन बसलात. गोम पैशात आहे.

जर्मनीचा इतिहास बघा. २००० साली ३जी लहरींचा लिलाव ५०.८ अब्ज युरोंवर गेला. क्वाम नावाची कंपनी परवाना घेऊन दोन वर्षांत गाशा गुंडाळून गेली, मोबिलकॉमने परवाना परत केला. २०१९ चा लिलाव ४९७ फेऱ्या चालला आणि ६.५५ अब्जांवर थांबला. एवढं करूनही गावांत रेंज नाही ही ओरड संपली नाही. अखेर मार्च २०२५ मध्ये नियामकाने काय केलं? लिलावच केला नाही. जुने परवाने पाच वर्षं वाढवून दिले आणि बदल्यात अट घातली: २०३० पासून देशाच्या ९९.५ टक्के क्षेत्रावर ५० मेगाबिट मिळालं पाहिजे. सरकारने रोकड सोडली आणि टॉवर मागितले. माझ्या मते पंचवीस वर्षांतला तिथला सगळ्यात शहाणा निर्णय.

आता सहवापर. त्याच २०१९ मध्ये जर्मनीने ३७०० ते ३८०० हे १०० मेगाहर्ट्झ लिलावातून बाजूला काढून कारखान्यांच्या खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवले. मोबाइल कंपन्यांनी तेव्हा केवढं आकांडतांडव केलं होतं, की कृत्रिम टंचाई होते, भाव चढतात. भाव चढलेही असतील. पण आज गाड्यांच्या कारखान्यांत ती जाळी चालताहेत. ब्रिटनमध्ये ३.८ ते ४.२ गिगाहर्ट्झमध्ये कमी ताकदीच्या स्थानिक परवान्याला १० मेगाहर्ट्झमागे वर्षाला ८० पौंड पडतात. शेतकरीसुद्धा घेऊ शकतो. म्हणजे सहवापर चालतो. तो मोबाइल कंपन्यांच्या हाताबाहेर चालतो, म्हणून त्यांना खुपतो. टॉवरवरचे साहेब, रोमची गोष्ट सांगताना ही का वगळलीत?

टॉवरवरचा

वगळली नाही, ती वेगळी जात आहे. कारखान्याला कुंपण असतं, मालक एक असतो, परवान्यावर पत्ता असतो. त्रास झाला तर फोन कोणाला करायचा ते माहीत असतं. विनापरवाना राउटरचा पत्ता कोणाकडे आहे? आणि मुख्य मुद्दा अजून कोणी काढलाच नाही: कोट्यवधी राउटर एकदा विकले गेले की ते परत मागवता येत नाहीत. मोबाइलला दिलेला पट्टा पुढेमागे वाय-फायला देता येईल, उलटा प्रवास होणार नाही. म्हणून आज 'तात्पुरतं वाय-फायला द्या' म्हणणं म्हणजे कायमचं देणं आहे.

खोडदची तबकडी

या भांडणात तिसऱ्याचं नाव कोणीच घेत नाही. ६६६८ मेगाहर्ट्झला मिथेनॉलची रेषा आहे, म्हणजे अवकाशातल्या मिथेनॉलच्या रेणूंकडून येणारी रेडिओ लहर. जिथे अवजड तारे जन्माला येताहेत तिथून ती येते. बॉनजवळची एफेल्सबर्गची १०० मीटरची दुर्बीण ती ऐकते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान उपग्रह ६.९ गिगाहर्ट्झच्या आसपास ढगांतूनही मोजतात. वाय-फाय येवो नाहीतर मोबाइल, यांच्या कानात बोटं जाणारच. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला झळ नाही, ती १४५० मेगाहर्ट्झच्या खालीच ऐकते. पण तिकडच्या मंडळींचं दुःख नारायणगावातही कळतं.

सदाशिवपेठी

आपल्याकडे भारतात मे २०२५ च्या सरकारी नियमांच्या मसुद्यात ५९२५ ते ६४२५ वाय-फायला खुला करायचं ठरलं, वरचा मोबाइलकडे. म्हणजे युरोपच्याच वाटेने. चला, निदान नक्कल तरी अमेरिकेची नाही.

म्युनिचचा मुक्काम

आकडेमोड, धन्यवाद, ८० पौंडांचा दाखला नेमका आहे. तबकडी, तुमचा मुद्दा रास्त आहे, दुर्बिणींभोवती दोघांनाही बंदी हवी.

टॉवरवरचे, राउटर परत मागवता येत नाहीत हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. पण त्याला उतारा आहे. अमेरिकेत जास्त ताकदीच्या ६ गिगाहर्ट्झ राउटरला आधी मध्यवर्ती यंत्रणेला विचारावं लागतं की माझ्या जागी कोणत्या वाहिन्या मोकळ्या आहेत. तिथे हे त्या पट्ट्यात आधीपासून असलेल्या मायक्रोवेव्ह दुव्यांना (दोन ठिकाणांमधल्या बिनतारी जोडण्यांना) वाचवण्यासाठी आहे. युरोपने वरच्या पट्ट्यात हीच अट प्रत्येक राउटरवर घालावी. तुमचा टॉवर ज्या गावात खरोखर सुरू झाला तिथे राउटर आपोआप खालच्या पट्ट्यात उतरेल. जिथे तुम्ही दहा वर्षं फिरकणार नाही तिथे लहरी कुजवायच्या कशाला?

टॉवरवरचा

यावर बोलू शकतो. फक्त दोन गोष्टी सांगा. प्रत्येक राउटरला जागा कळायला हवी, आणि घरात जीपीएस धड लागत नाही. मग ते कसं करणार? आणि स्पेक्ट्रमचे परवाने युरोपात अजून देशोदेशीचे नियामक देतात. आखेनमधल्या टॉवरसाठी पलीकडच्या नेदरलँड्समधल्या फाल्सच्या राउटरने गप्प बसायचं, तर हुकूम जर्मन यंत्रणेचा की डच?

आकडेमोड

आणि त्या यंत्रणेचं बिल कोणाच्या नावावर, हा तिसरा प्रश्न. माझं मत, पट्टा ज्याला आधी हवाय त्याच्या.