मदत हवी आहे: त्राइरा माशाच्या गुणसूत्रांवर ५एस जनुकाचे सिग्नल नको तिथेही दिसताहेत

नमस्कार मंडळी,

मी ब्राझीलमध्ये, साओ पाउलो राज्यात पीएचडी करते आहे. विषय माशांची गुणसूत्रं. स्लाइड आणि प्रोबशी (गुणसूत्रावर ठरावीक क्रम शोधून चमकणारा डीएनएचा तुकडा) झगडलेलं इथे कुणी असेल तर कृपया वाचा. लॅबमध्ये विचारतेच आहे, पण मराठीत मांडलं की नेमकं कुठे अडलंय ते मला नीट दिसतं.

मासा आहे होप्लियास मालाबारिकस. नावात मलबार असला तरी मासा दक्षिण अमेरिकेचा. १७९४ मध्ये ब्लोखने त्याचं वर्णन केलं तेव्हा नमुना मलबारहून आलाय अशी चुकीची समजूत होती, आणि नामकरणाच्या नियमांमुळे नाव तेच राहिलं. इथे त्याला त्राइरा म्हणतात. दातेरी, दबा धरून बसणारा, तळ्यांत आणि संथ ओढ्यांत राहणारा. फार लांब जात नाही, त्यामुळे एका खोऱ्यातले मासे दुसऱ्या खोऱ्यातल्यांत सहसा मिसळत नाहीत. गुणसूत्रांतले एवढे फरक टिकून राहिले ते यामुळेच, असं मला वाटतं.

फरक किती, तर नाव एक आणि कॅरिओमॉर्फ, म्हणजे गुणसूत्रांच्या संख्येचे आणि आकाराचे प्रकार, सात, ए ते जी. ए, बी, ई मध्ये ४२ गुणसूत्रं, सी आणि एफ मध्ये ४०. डी मध्ये मादीत ४० आणि नरात ३९, कारण लिंगनिश्चिती करणारं एक गुणसूत्र दुसऱ्याला जोडलं जाऊन मोठं वाय तयार झालं. म्हणून नरात एक्स१, एक्स२ आणि वाय अशी तीन लिंग-गुणसूत्रं. जी मध्ये उलट, नरात एक जास्त: ४१. दोन कॅरिओमॉर्फ एकाच पाण्यात राहिलेलेही आढळले आहेत. या सगळ्याला एकच जाती म्हणणं मला पटत नाही, आणि म्हणूनच माझ्या स्लाइडवर काय दिसतंय याची मला इतकी काळजी आहे.

माझे मासे वरच्या पाराना खोऱ्यातले, म्हणजे डी अपेक्षित. कोल्चिसिन देऊन मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातून पेशी घेतल्या, केसीएलमध्ये फुगवल्या, मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्लात ३:१ ने स्थिर केल्या. मेटाफेज (पेशी विभागताना गुणसूत्रं सुटी दिसतात तो टप्पा) चांगले आलेत, नरात ३९ नीट मोजता येतात. इथवर काहीच तक्रार नाही.

पुढे ५एस आरडीएनएचा, म्हणजे रायबोसोममधल्या एका छोट्या आरएनएच्या जनुकाचा, प्रोब लावला. प्रोब मी माशाच्या जीनोमिक डीएनएवरूनच पीसीआर करून (हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून) बनवला, ५एसचे नेहमीचे प्रायमर वापरून. एका जोडीवर ठसठशीत सिग्नल आला, तो हवाच होता. पण त्याशिवाय डझनभर गुणसूत्रांच्या सेंट्रोमियरजवळ (गुणसूत्राच्या आवळलेल्या जागेजवळ) फिकट ठिपके दिसतात. प्रत्येक मेटाफेजमध्ये त्यांची संख्या थोडी वेगळी, जागा मात्र बहुतेक त्याच.

या माशात ५एस-हिनडीथ्री नावाचा सॅटेलाइट डीएनए आहे. ५एस जनुकापासूनच निघालेला, हजारो वेळा पुन्हापुन्हा येणारा, सेंट्रोमियरच्या आसपास बसलेला. माझा संशय त्याच्यावर आहे. पण हे ठिपके खरंच त्याचे आहेत, की प्रत्यक्ष ५एसच्या लहान प्रती तिथे विखुरल्या आहेत, हे कसं ठरवायचं? सैल चिकटलेला प्रोब निघावा म्हणून स्लाइड धुण्याचं तापमान वाढवलं तर फिकट ठिपके गेले, पण मुख्य सिग्नलही मंदावला. मार्गदर्शक म्हणतात एका जोडीचा सिग्नल घे, बाकीचं पार्श्वभूमी समज. मला ते धाडस होत नाही. वेगवेगळ्या कॅरिओमॉर्फची तुलना करायची तर हीच पार्श्वभूमी उद्या पुरावा ठरू शकते.

*

प्रतिसाद १

तुमचा संशय बरोबर दिशेने आहे. आधी प्रोब तपासा. पीसीआरचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर एकच पट्टी आहे की शिडीसारख्या अनेक? ५एसच्या ओळी एकापाठोपाठ एक असल्यामुळे शिडी येणं नेहमीचंच, पण त्यातल्या एखाद्या पट्टीत सॅटेलाइटही असू शकतो. थेट पीसीआरचा माल लेबल केलात तर दोन्ही प्रोबमध्ये गेले. तुकडे क्लोन करून (एकेक वेगळा वाढवून) काही क्लोन सीक्वेन्स करा, म्हणजे त्यांचा क्रम वाचा, आणि ज्यात १२० बेसचं पूर्ण ५एस जनुक आहे तेच वापरा.

प्रतिसाद २

वरचं करून झाल्यावर दोन रंगांचा प्रयोग करा. ५एसचा क्लोन एका रंगात, सॅटेलाइटचा दुसऱ्या रंगात, एकाच मेटाफेजवर. फिकट ठिपके सॅटेलाइटवर तंतोतंत बसले तर उत्तर मिळालं. शिवाय एका स्लाइडवर लेबल न केलेला सॅटेलाइट भरपूर प्रमाणात टाकून पाहा. तो आधी जागा अडवतो. सेंट्रोमियरचे ठिपके गेले आणि मुख्य जोडी राहिली तर ते क्रॉस-हायब्रिडायझेशनच, म्हणजे प्रोब मिळत्याजुळत्या क्रमाला चिकटला. दोन्ही सीक्वेन्समध्ये साम्य असल्यामुळे मुख्य सिग्नल थोडा मंद होईल, घाबरू नका. आणि तापमान एकदम वाढवू नका, फॉर्ममाइड (प्रोबची सैल पकड सोडवणारं रसायन) थोडं थोडं वाढवत पायऱ्यांनी जा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जेलचा फोटो आत्ताच पुन्हा काढून पाहिला: तीन पट्ट्या आहेत आणि मी सगळा माल एकत्रच लेबल केला होता. हे मला कुणीतरी दाखवायलाच हवं होतं. या आठवड्यात पट्ट्या वेगळ्या कापून क्लोन करते. एक राहिलं: नर आणि मादीच्या स्लाइड एकाच दिवशी, एकाच प्रोबने करायच्या ना? डी मधल्या मोठ्या वायवर ठिपके किती आणि कुठे, हे मादीच्या एक्स१, एक्स२ शी ताडायचं आहे, आणि वेगवेगळ्या दिवशी केल्यास चमक जुळणार नाही असं वाटतं.