प्रतिसाद: पाळणाघर आणि हँड-फूट-माउथ
"वर्षात दोनदा फोड आले म्हणजे मुलाची प्रतिकारशक्तीच कमी" हे वर दोघांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. हँड-फूट-माउथ, म्हणजे हात, पाय आणि तोंडात फोड आणणारा हा लहान मुलांचा आजार, एकाच विषाणूने होत नाही. कॉक्सॅकी ए16, ए6, ए10, एन्टेरोव्हायरस 71 अशी बरीच भावंडं आहेत आणि एकाशी लढून आलेली ताकद दुसऱ्यावर फारशी चालत नाही. चांगलं धडधाकट मूलही पुन्हा आजारी पडतं. त्यासाठी टॉनिकच्या बाटल्या आणू नका, कळकळीने सांगते.

"फोड सुकले की धोका संपला" हेही पूर्ण खरं नाही. विषाणू शीमधून पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. तेवढे दिवस मूल घरी ठेवणं कुणा नोकरदाराला जमणार, आणि तशी गरजही नसते. पण लंगोट बदलल्यावर हात साबणपाण्यानेच धुतले पाहिजेत. या विषाणूंना बाहेरून मेदाचं आवरण नसतं, म्हणून सॅनिटायझर त्यांच्यावर कमी पडतं. आमच्या पाळणाघरात लंगोट बदलायच्या टेबलावर फक्त सॅनिटायझर असायचं, बेसिन पार स्वयंपाकघरात. पालकांनी मिळून विषय काढल्यावर बाजूच्या मोरीत साबण आणि पाण्याचा मग आला. मावशींनाही तेच सोयीचं झालं.

आणखी एक. ए6 नंतर महिना-दीड महिन्याने नखं मुळापासून सुटू शकतात. लेकीच्या अंगठ्याचं नख असंच उचललं गेलं, खाली नवं कोवळं नख तयार होतं. दुखत नाही, औषध लागत नाही.