वाडा परिवार ग्रुप : ८ डिसेंबर, पाणबुडीवाले आणि गार्गीचं केळवण

शैलाआत्या: दादा, सुनंदाकडून कळलं की ८ डिसेंबरला वाड्यात तुझ्या पाणबुडीवाल्यांचा मेळावा ठरलाय. गार्गीचं केळवण त्याच दिवशी तिथेच आहे, हे मी गणपतीतच सांगितलं होतं. ग्रुपवर लिहिलंही होतं. मला विचारायची पद्धत राहिली नाही का आता?

सुनंदा: शैलाताई, तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. गैरसमज नको 🙏

बाळूकाका: दोन्ही करा. पण आधी जिन्याचं बोला. माडीचा जिना हलतोय.

नाना: शैला, तू संध्याकाळचं म्हणाली होतीस. आमचं सकाळी ९ ते ४ आहे.

शैलाआत्या: संध्याकाळचं ते हळदीकुंकू. तेही गेल्या वर्षीचं.

बंटी (पुणे): नाना, ८ च कशाला? तुमची कुरसुरा पाणबुडी १८ डिसेंबरला कमिशन झाली, म्हणजे नौदलात दाखल झाली ना? बोटीच्या वाढदिवसाला या सगळे. केक मी पाठवतो 🎂

नाना: १८ डिसेंबर १९६९, बरोबर आहे. पण ८ हा पाणबुडी दिन. १९६७ साली याच तारखेला रीगाला कलवरी आपल्या नौदलात आली, कमांडर सुब्रमण्यन तिचे पहिले कॅप्टन. रीगा तेव्हा सोव्हिएत संघात होतं. त्याआधी देशाकडे एकही पाणबुडी नव्हती. मग खांदेरी, करंज, कुरसुरा आल्या. आमच्यातले बरेच जण पुढे दुसऱ्या बोटींवर गेले, म्हणून सगळ्यांना आपला वाटणारा दिवस ८. विझागवाल्यांची, म्हणजे विशाखापट्टणमच्या मंडळींची, रिझर्वेशनंही झालीत.

केदार: खांदेरी म्हणजे थळसमोरचा महाराजांचा किल्ला ना?

नाना: तोच. बोटीला त्याचंच नाव.

बाळूकाका: माडीचा जिना हलतोय. पाचवी पायरी उघडी आहे. म्हातारी माणसं चढणार आहेत.

केदार: नाना, बॅनरचा मजकूर. बघून घ्या 👇
"१९७१ मध्ये पाकिस्तानची पाणबुडी गाझी बुडवणाऱ्या आयएनएस कुरसुराच्या शूरवीरांचे बडोद्यात हार्दिक स्वागत!"

सुनंदा: 👏👏👏

बंटी (पुणे): अंगावर काटा आला!! 🇮🇳

गार्गी: मस्त केदारदादा!

नाना: हे छापायचं नाही.

केदार: का? फाँट बदलू?

नाना: फाँट नाही, बाबा. गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमसमोर बुडाली. कुरसुरा तेव्हा अरबी समुद्रात होती, देशाच्या दुसऱ्या टोकाला. आपलं नौदल श्रेय राजपूत या विनाशिकेला देतं. पाकिस्तान म्हणतं, आतल्या स्फोटाने किंवा सुरुंगाने बुडाली. कुरसुराचा त्यात काही संबंध नाही. शिवाय येणाऱ्यांतले बहुतेक जण माझ्यासारखे युद्धानंतर बोटीवर आले.

बंटी (पुणे): पण नाना, फॉरवर्ड तसंच फिरतंय. दांडिया बाजारात कोणाला कळणार आहे?

नाना: मला कळणार आहे. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला कळणार आहे. ज्यांनी ते काम केलं नाही त्यांच्या गळ्यात हार घालून तू त्यांचा मान वाढवत नाहीस. ती माणसं बॅनरखाली उभी राहणार नाहीत. मीही राहणार नाही.

शैलाआत्या: मग युद्धात बोटीने केलं तरी काय? राग मानू नकोस, विचारते आहे.

नाना: गस्त. आणि "नुसती गस्त" कोणी म्हणू नका. हद्द आखून दिलेली, तिच्याबाहेर जायचं नाही. ओळख पक्की पटल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. त्याच समुद्रातून इतर देशांची व्यापारी जहाजं जात होती. पेरिस्कोपमधून जहाज दिसतंय, टॉर्पेडो नळ्यांत तयार आहेत, आणि तरी थांबायचं. शिवाय पाणबुडी नेमकी कुठे आहे हे शत्रूला माहीत नसलं की त्याला सगळाच समुद्र सांभाळत बसावं लागतं.

बाळूकाका: सगळं ऐकलं. जिना?

बंटी (पुणे): काका, ते लोक उभ्या शिडीने हॅचमधून वरखाली करायचे. आपला जिना काय चीज 😄

बाळूकाका: तेव्हा ते पंचविशीत होते. आणि बंटी, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पुण्याचे पैसे अजून आलेले नाहीत. मी गप्प आहे याचा अर्थ विसरलोय असा नाही.

बंटी (पुणे): काका, ते ग्रुपवर कशाला? पर्सनलवर बोलू ना.

बाळूकाका: पर्सनलवर तीनदा बोललो.

सुनंदा: अहो, राहू द्या ना आता. केळवणाचं चाललंय.

शैलाआत्या: केळवणाचं कुठे चाललंय? गाझीचं चाललंय!

गार्गी: नानामामा, ७५ माणसं राहायची ना तिच्यात? विझागला आरके बीचवर तिचं म्युझियम केलंय, तिथे मी आतून बघितली. मला तर दहा मिनिटांत बाहेर यावंसं वाटलं.

नाना: ८ अधिकारी, ६७ नाविक. लांबी ९१ मीटर, पण त्यात इंजिनं, बॅटऱ्या, पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या. उरलेल्या फटीत माणसं. एक वॉचवर गेला की त्याच्या गरम अंथरुणावर दुसरा. गोडं पाणी मोजून, आंघोळीचं नाव नाही. मी इंजिनरूमचा. तीन डिझेल, समोरच्याशी बोलायचं ते हाताच्या खुणांनी. पाण्याखाली बॅटरीवर चालायचं आणि ती उतरली की वर येऊन फक्त हवा घ्यायची स्नॉर्टची नळी बाहेर काढून डिझेल चालू करायची. लाट नळीवरून गेली की झडप बंद. इंजिन मग बोटीतलीच हवा ओढायचं आणि सगळ्यांचे कान एकदम दडपायचे. झोपलेलाही जागा व्हायचा.

आणि एक गोष्ट म्युझियम बघून कळणार नाही. १९७५ ते १९८० कुरसुरा जवळजवळ बंदच होती. सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून तिचे काढून बाकीच्या बोटींना लावत होते. नंतर मोठी दुरुस्ती करून तिला पुन्हा उभी केली. येणाऱ्यांतले अर्धे त्या दुरुस्तीतले हात आहेत. अशा कामाला ना पदक, ना फॉरवर्ड. त्यानंतर २७ फेब्रुवारी २००१ पर्यंत ती चालली. सगळी मिळून ७३,५०० सागरी मैल. मला बॅनरवर ते हवंय.

केदार: हे कधी सांगितलंच नाहीत नाना तुम्ही.

माई: मी लिहिते, गार्गी टाइप करून देते आहे. सांगायची मुभाच नव्हती. बोट कुठे गेली, कधी येणार, बायकोलाही ठाऊक नसायचं. मी इथे वाड्यात सासूबाईंबरोबर, हे विझागला. सुट्टीवर आले की कपडे दोनदा धुतले तरी डिझेलचा वास जायचा नाही. सासूबाई ते कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या. शैला, तू तेव्हा कॉलेजात होतीस. तार आली की पोस्टमनकडून घ्यायला मी तुलाच पाठवायचे, कारण माझे हात थरथरायचे. या माणसांच्या बायकाही येणार आहेत. त्यांना मला भेटायचंय.

शैलाआत्या: वहिनी, मला सगळं आठवतंय.

शैलाआत्या: पण तरी आधी विचारायला हवं होतं.

माई: हवंच होतं.

गार्गी: आई, केळवण दुपारच्या पंगतीतच करूया ना. मला आणि ओंकारला त्यांच्याबरोबर बसायला आवडेल. मी त्याला विचारलंसुद्धा.

शैलाआत्या: तुमचं आधीच ठरलंय म्हणजे. ठीक आहे. मेनू मात्र मी ठरवणार, आणि ओटी-आहेर पंगतीच्या आधी, देवघरासमोर.

बाळूकाका: मग पंगत चौकात घ्या, माडीवर नको. म्हणजे जिना लागणारच नाही. सुतार तरी मी बोलावतोय. प्रत्येकी किती येतात ते टाकतो, या वेळी सगळ्यांनी द्या. बंटीसुद्धा.

बंटी (पुणे): पाठवले काका. आत्ताच. दोन्हीचे. 🙏

केदार: नाना, नवा मजकूर 👇
"आयएनएस कुरसुरा. १८ डिसेंबर १९६९, रीगा – २७ फेब्रुवारी २००१. ७३,५०० सागरी मैल. पुन्हा उभी करणाऱ्या हातांचे स्वागत."

नाना: "चालवणाऱ्या आणि पुन्हा उभी करणाऱ्या". स्वयंपाकी, रेडिओवाले, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रावरचे, सगळे त्यात आले पाहिजेत. बाकी छाप.

शैलाआत्या: दादा, त्यांच्यात शाकाहारी किती? आणि तिखट चालतं का?

नाना: सगळं चालतं. फक्त साहेबांची पंगत वेगळी नको. सगळे एका ओळीत बसतील.

माई: शैला, ताज्या भाज्या आणि कोशिंबिरी भरपूर ठेव. बोटीवर ताजं लवकर संपायचं आणि मग डब्यातलंच. यांना अजून डबाबंद काही चालत नाही.

शैलाआत्या: बरं. पुरणपोळी, दोन भाज्या, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा. दादा, नक्की आकडा शुक्रवारपर्यंत दे. नंतर वाढला तर मी ऐकणार नाही.