मदत हवी आहे: पुरात आधी कुणाला हलवायचं, याची यादी कशी करायची?

नमस्कार मंडळी, मी पलूस तालुक्यातला, गाव कृष्णाकाठचं. आम्ही काही पोरं मिळून पावसाळ्याआधी यादी करायला घेतलीय, पाणी चढायला लागलं की कोण आधी. ग्रामपंचायतीकडं कुटुंबांची नावं आहेत पण कुणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय ते त्यात कुठनं कळणार.

2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 45 ची. दोन वर्षांनी परत पूर. पाणी सगळ्यांच्याच दारात आलं पण ज्यांच्याकडं ट्रॅक्टर आणि विट्याकडं पाहुणे ते आधीच निघाले, मागं राहिले म्हातारे, भाडेकरू आणि म्हशीवाले. म्हशीसाठी जीव धोक्यात घालतो म्हणून हसणाऱ्यांनी एकदा बाजारात म्हशीचा भाव विचारून यावा. शेवटच्या घटकेला सगळे एकाच बोटीत चढले की काय होतं ते 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली तेव्हा बघितलंच आपण.

आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) 2022 च्या अहवालात आहे की 2010 ते 2020 मध्ये पूर, दुष्काळ, वादळात मेलेल्यांचं प्रमाण जास्त असुरक्षित भागांत 15 पट होतं, म्हणजे अगदी कमी असुरक्षित भागांच्या तुलनेत. ते जगाचं झालं, पण मला तर एका गावात वरची गल्ली खालची गल्ली असाच फरक दिसतो.

तर विचारायचं हे की घरोघरी नेमकं काय काय विचारायचं? आणि भाडेकरूंची नोंद कशी ठेवायची, कारण आमच्या गल्लीत पंचनामा घरमालकाचा झाला आणि भांडीकुंडी वाहून गेली ती भाडेकरूची.

प्रतिसाद १
मी पाटणचा. आमच्याकडं 2021 ला आंबेघर, मिरगावला दरड आली, तिथं फुटाचं माप बघायला वेळच मिळत नाही, तुम्हाला थोडा तरी मिळतो. आशाताईंना बरोबर घ्या, गरोदर कोण, डायलिसिसला कोण जातं त्यांना तोंडपाठ असतं. जनावरं आधी हलवा, माणसं आपोआप निघतात. आणि आयर्विन नदीच्या प्रवाहात तुमच्या खाली येतो ओ, भिलवडीच्या पुलाचं माप धरा. भाडेकरूंचे आत्ताच सामानासकट फोटो काढा, लाईटबिलाची झेरॉक्स पण ठेवा.

धागाकर्ता
भिलवडीचं बरोबर आहे, धन्यवाद. जनावरं माळावर नेऊ, जागा आहे. पण तिथं वैरण आधीच साठवायची तर पैसे कुणी घालायचे, कुणाच्या गावात वर्गणी काढून केलंय का?